जसंच्या तसं

सप्ताह सोमवारी दहाला सुरू व्हायचा होता, आणि धाकटी नऊलाच कॉलेजच्या सभागृहात येऊन उजेड बघत होती. व्याख्यान द्यायला येणारा माणूस आधी माईक तपासतो. धाकटीला दिवे तपासावे लागत. ती सांकेतिक भाषेची दुभाषी होती. वक्ता जे बोलेल ते तिने हातांनी सांगायचं, आणि ज्याला ऐकू येत नाही तो हातांनी जे बोलेल ते तिने तोंडाने सांगायचं. अंगात एकरंगी गडद शर्ट, बोटात अंगठी नाही, नखांना रंग नाही. हातांवरून बघणाऱ्याची नजर हलता कामा नये.

"हा दिवा अजून थोडा इकडे," ती म्हणाली. "तोंडावर सावली पडली की माझं निम्मं बोलणं पुसलं जातं."

शिडी धरून उभे असलेले सप्ताहवाले सर हसले. ते खरे इतिहासाचे प्राध्यापक, पण बारा वर्षं व्याख्यान सप्ताह भरवत आल्यामुळे त्यांचं खरं नाव मागे पडलं होतं. वर्षातले एकावन्न आठवडे मी इतिहास शिकवतो आणि एक आठवडा घडवतो, असं ते दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी त्यावर स्वतःच पहिल्यांदा हसत. सप्ताह म्हणायचा आणि दिवस सहा! सकाळी व्याख्यान, दुपारी गावातल्या लोकांसाठी काहीतरी: आरोग्य तपासणी, पुस्तकांची अदलाबदल, मैदानावर प्रात्यक्षिकं. शुक्रवारी खुलं व्यासपीठ, तिथे कुणीही उठून पाच मिनिटं बोलावं. शनिवारी समारोप आणि सत्कार.

त्या वर्षी कॉलेजात पहिल्यांदाच एक ऐकू न येणारी मुलगी आली होती, म्हणून दुभाषी बोलवायचं ठरलं. धाकटीचं नाव सुचवलं ते ताईने. ताई म्हणजे तिची नऊ वर्षांनी मोठी सख्खी बहीण, मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. पंधरा वर्षं त्याच इमारतीत राहत होती, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. शनिवारी सत्कार व्हायचा होता तो तिचाच. दोन महिन्यांपूर्वी वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर तारा जळून धूर झाला, तेव्हा तिने अकरा मिनिटांत सगळी इमारत रिकामी केली होती. एका मुलीला खरचटलंसुद्धा नव्हतं. निदान अहवालात तसं होतं.

"आठवडाभर माझ्याकडेच राहा," ताई म्हणाली होती. "रोज दीड तास बसने ये-जा कशाला? आणि त्या पोरीशीही तुझी ओळख होईल. गुणी आहे."

ती पोरगी एकोणीस वर्षांची होती. ज्यांना ऐकू येत नाही ते एकमेकांना नावाने नाही, खुणेने हाक मारतात, आणि तिची खूण होती गालाला टेकवलेलं बोट. हसली की गालाला खळी पडायची, म्हणून. धाकटी मनात तिला खळीच म्हणायची. पहिल्याच दिवशी खळी पहिल्या रांगेत मधोमध येऊन बसली आणि ताऱ्यांवरचं व्याख्यान दीड तास डोळे न मिटता बघत राहिली. मध्येच वक्त्याने एक विनोद केला. सगळं सभागृह हसलं, आणि चार सेकंदांनी ती एकटीच हसली. त्यावर सभागृह पुन्हा हसलं. खळीने मागे वळून बघितलं आणि विचारलं, "आता काय झालं?"

"तुझ्या हसण्याला हसले," धाकटीने सांगितलं. जसं होतं तसं. खळीला ते आवडलं. "बाकीचे सांगतात, काही नाही, काही नाही," ती म्हणाली.

हे 'काही नाही' धाकटीला चांगलं माहीत होतं. त्यांची आई जन्मापासून बहिरी होती. वडील लवकर गेले. आई शिवणाच्या कारखान्यात कामाला जायची, आणि जगाशी तिचा जो काही व्यवहार होता तो ताईच्या तोंडून व्हायचा. सात वर्षांची असल्यापासून ताई दुकानात, दवाखान्यात, शाळेत आईच्या बाजूला उभी राहून बोलायची. पण जसंच्या तसं नाही. गाळून. घरमालक वाटेल ते बोलला तर ताई आईला सांगायची, उद्या या म्हणतात. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत, तर ताईने सांगितलं, गोळ्या बदलल्यात, बरं वाटेल. आणि आईच्या पाठीमागे धाकटीकडे बघत अंगठा पहिल्या बोटावर घासायची. ही त्या दोघींची स्वतःची खूण. अर्थ एवढाच, की आईला कळू द्यायचं नाही. आई गेली तेव्हा ती बरी होण्याची वाट बघत होती. ताईला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सुखाने गेली, ती म्हणायची. धाकटीने मात्र पुढे हाच धंदा धरला, आणि धंद्याचा पहिला नियम तिने तोंडपाठ केला. आपण काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं.

बुधवारी दुपारी मैदानावर अग्निशमन दलाचं प्रात्यक्षिक होतं. गावातली माणसं पोराबाळांना घेऊन आली होती. एका तंबूत खोटा धूर सोडला होता आणि खाली वाकून, भिंतीला हात लावून बाहेर कसं पडायचं ते दलाचे प्रमुख दाखवत होते. गडी बोलायला भारी होता. धाकटीचे हात त्याच्यामागे धावत होते.

"धूर दिसला की पहिलं काम काय?" त्यांनी विचारलं. "हाक मारा. मोठ्याने. जो ऐकेल तो उठेल."

खळीने हात वर केला. धाकटीने तिचा प्रश्न मोठ्याने सांगितला: "जो ऐकू शकत नाही त्याने काय करायचं?"

प्रमुख जरा गडबडले. अशा माणसाला हलवून उठवावं लागतं, ते म्हणाले, म्हणून प्रत्येक खोलीचं दार उघडून आत बघायचं असतं. मग त्यांना सुटका सापडली. "आणि यात तुमच्याच कॉलेजचं उदाहरण आहे की! परवा वसतिगृहात धूर झाला तेव्हा तुमच्या रेक्टरबाईंनी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस खोल्या स्वतः उघडून बघितल्या. अहवालात खोलीखोलीपुढे सही आहे. त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या झाल्या. ताई गर्दीच्या कडेला उभी होती. तिने मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाई विनयाने लाजल्या. धाकटीने सगळं खळीला सांगितलं, शेवटच्या टाळीपर्यंत, आणि बघितलं तर खळीचा चेहरा दगडासारखा झाला होता. इतके दिवस सतत हलणारे हात मांडीला चिकटून राहिले होते.

लोक पांगल्यावर खळीने तिला तंबूच्या मागे बोलावलं. "शुक्रवारी मी बोलणार आहे," ती म्हणाली. "मी जे बोलेन ते तू जसंच्या तसं सांगशील?" त्यांच्या खुणांत अहो-जाहो नसतं, बोट समोरच्याकडे गेलं की झालं.

"तेच तर माझं काम आहे."

"कुणाबद्दलही असलं तरी?"

"कुणाबद्दलही."

तिने हे म्हटलं आणि तेव्हाच तिची नजर खळीच्या उजव्या तळव्यावर गेली. करंगळीच्या बुडापासून अंगठ्यापर्यंत एक लांब, गुळगुळीत, गुलाबी पट्टा होता. तीन दिवस हेच हात बघत होती, पण अर्थ बघताना कातडी दिसत नाही.

"हे काय?"

"दाराची कडी," खळी म्हणाली. "तापली होती." आणि पुढे काही न बोलता निघून गेली.

धाकटी तिथेच उभी राहिली. मनात नको ते येत होतं आणि ती ते परतवत होती. दाराची कडी कुठलीही असू शकते. स्वयंपाकघरातली असेल. घरची असेल.

गुरुवारी संध्याकाळी ताईने कपाटातून दोन पोशाख काढून पलंगावर ठेवले. "शनिवारी हा घालू का हा?"

"निळा," धाकटी म्हणाली.

ताईने निळा अंगाला लावून आरशात बघितलं. मग आरशातच बघत, सहज विचारल्यासारखं, विचारलं, "ती पोरगी काय बोलते गं तुझ्याशी?"

"ताई, ते सांगायचं नसतं."

"मी काय परकी आहे?"

"परकी असतीस तरी सांगितलं नसतं, आणि सख्खी आहेस तरी नाही."

"मोठी आली शहाणी," ताई म्हणाली, पण तिचा आवाज चढला नाही. पोशाखाची घडी करताना तिचे हात चुकत होते. एक बाही तीनदा बाहेर राहिली. "पोरगी चांगली आहे," ती पुन्हा म्हणाली. "जरा हट्टी आहे. मनात काहीबाही धरून बसते. व्यासपीठावर वेडंवाकडं काही बोलायला लागली तर... तू आहेसच की."

"म्हणजे काय, मी आहेच?"

"म्हणजे काही नाही. जेवायला चल."

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं होतं. खुल्या व्यासपीठाला व्याख्यानांपेक्षा जास्त गर्दी व्हायची; फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? एका आजोबांनी कॉलेजच्या भिंतीलगतच्या सांडपाण्याची तक्रार केली. एका मुलाने ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं ठेवा म्हणून सांगितलं. चौथा नंबर खळीचा.

ती मंचाच्या मधोमध उभी राहिली. धाकटी एका बाजूला, अर्धी तिच्याकडे आणि अर्धी लोकांकडे तोंड करून, हातात माईक. शिक्षकांच्या खुर्च्या मंचाच्या कडेला आडव्या मांडल्या होत्या. खळीच्या खांद्यामागून धाकटीला त्या नीट दिसत होत्या, खळीला नाही. पहिल्याच खुर्चीवर ताई बसली होती.

खळीने हात उचलले. "उद्या रेक्टरबाईंचा सत्कार आहे," ती म्हणाली, आणि धाकटीने ते सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. "त्यांनी सगळ्या खोल्या तपासल्या असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. मी खोलीत होते."

त्या सभागृहात खुणा कळणारी तीनच माणसं होती. खळी, धाकटी आणि ताई. धाकटीच्या तोंडून शब्द निघण्याआधीच ताईला सगळं कळलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने धाकटीकडे बघितलं, आणि मांडीवरचा हात जरासा उचलून अंगठा पहिल्या बोटावर घासला. एकदा. दोनदा.

तीस वर्षं मागे गेल्यासारखं झालं. याच बाईने धाकटीच्या वेण्या घातल्या होत्या, फीसाठी मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहिली होती, स्वतःचं लग्न आज करू उद्या करू म्हणत पुढे ढकललं होतं आणि शेवटी केलंच नव्हतं. धाकटीने त्या हाताला कधी नाही म्हटलं नव्हतं. आणि किती सोपं होतं! माईकमध्ये काय बोललं गेलं ते खळीला ऐकू येणार नव्हतं. ध चा मा केला तरी पकडणारं कोण?

"रेक्टरबाईंनी सगळ्या खोल्या तपासल्या," धाकटीच्या तोंडून निघालं, "मीही तेव्हा खोलीत होते. मी फार घाबरले होते."

लोक हळहळले. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. प्राचार्यांनी ताईकडे बघून मायेने मान हलवली, आणि मागून एकाने टाळी सुरू केली. दहा-वीस जणांनी ती उचलली.

खळीचे हात थांबले. ती लोकांकडे बघत होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण चेहरे वाचण्यात तिचा जन्म गेला होता, आणि जे तिने सांगितलं होतं त्यावर असे चेहरे होत नाहीत. तिने एकेका रांगेवरून नजर फिरवली, टाळ्या वाजवणारे हात बघितले, आणि मग सावकाश धाकटीकडे वळली.

"तू काय सांगितलंस?"

धाकटीने माईक खाली केला.

"हे टाळ्या वाजवतायत. तू काय सांगितलंस?"

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर धाकटीला सोसला असता. आई अशीच बघायची, लोक हसत असले आणि ताई 'काही नाही' म्हणाली की. धाकटीने आधी खळीला सांगितलं, हाताने, उघडपणे, ताईला दिसेल असं: "मी बदललं. चूक केली. आता दुरुस्त करते." मग माईक तोंडाशी नेला.

"माफ करा," ती म्हणाली. "दुभाषीकडून चूक झाली. या मुलीने जे सांगितलं ते मी मुद्दाम बदलून सांगितलं. तिचं बोलणं आता पहिल्यापासून सांगते."

सभागृह चिडीचूप झालं. प्राचार्य अर्धवट उठले. "वेळ झालेली दिसते," ते म्हणाले, "पुढच्या वक्त्यांना..."

"वेळ आहे," सप्ताहवाले सर म्हणाले. हातातलं घड्याळ त्यांनी बघितलंही नाही. "तिची पाच मिनिटं अजून सुरूच झालेली नाहीत."

खळीने पुन्हा हात उचलले. आणि धाकटी बोलत गेली, तिच्या बरोबरीने, एक शब्द न गाळता, सगळं 'मी' म्हणून.

"अहवाल खोटा आहे. मी खोलीत होते. दुपार होती, परीक्षा देऊन मी झोपले होते. जाग आली तेव्हा खोलीत धूर होता. मी दार उघडायला गेले तर कडी तापलेली होती. माझा हात भाजला, तरी दार उघडलं. मी मागच्या जिन्याने खाली आले, भिंत चाचपत. बाहेर सगळ्या मुली उभ्या होत्या, पण मला त्यांच्याशी बोलता येत नाही. या इमारतीत माझ्याशी बोलणारं एकच माणूस आहे, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. रेक्टरबाईंकडे. त्यांनी माझा हात धुतला. मलम लावलं. त्या रडल्या. मग त्यांनी एक कागद आणला. त्यावर लिहिलं होतं, मी त्या दुपारी मामाकडे होते. मी सही केली. मला वाटलं, नाही केली तर माझ्याशी कोण बोलेल?"

खळी क्षणभर थांबली. धाकटीही थांबली.

"सत्कार करायचा तर करा. पण मी मामाकडे नव्हते."

ती मंचावरून उतरली. टाळ्या झाल्या नाहीत. कुणाला काय करावं सुचत नव्हतं. ताई उठली, खुर्ची सरळ केली, आणि कुणाकडे न बघता बाजूच्या दाराने निघून गेली.

धाकटी संध्याकाळी पाचला खोलीवर आली तेव्हा तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. ताई खिडकीपाशी बसली होती.

"बस साडेसहाची आहे," ताई म्हणाली.

"उद्याचं व्याख्यान आहे अजून. मी दुसरीकडे झोपेन. पण आधी मला सांग, काय झालं होतं?"

"तुझ्याच तोंडाने सांगितलंस ना सगळ्या गावाला? आता मला काय विचारतेस? सख्खी बहीण म्हणे! परक्याने तरी असं केलं नसतं."

"ताई, काय झालं होतं?"

ताई खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर मैदानावर तंबू उतरवत होते. खुंट्या उपटल्याचे आवाज येत होते.

"पोरी पळत सुटल्या होत्या," ती शेवटी म्हणाली. "पहिला मजला मी बघितला. एकेक दार. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात इतका धूर होता की मला पुढे जाववेना. छातीत कळ आली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? मी जिन्यातच उभी राहिले आणि हाक मारली. कुणी आहे का वर? तीनदा मारली गं. चांगली ओरडून. कुणी ओ दिली नाही. मला वाटलं, कुणी नाही."

ताईचं तोंड वाकडं झालं, आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

"मी हाक मारली. मी! आईच्या पोटची असून. सात वर्षांची असल्यापासून आईला उठवायचं तर पायाला हात लावायचे, आणि त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून हाक मारली. मग ती पोरगी दारात आली, भाजलेला हात घेऊन, तेव्हा कळलं. हे मी कुणाला सांगू? कुठल्या तोंडाने?"

"म्हणून तिला खोट्यावर सही करायला लावलंस."

"पंधरा वर्षं या इमारतीला दिली. एका हाकेपायी घालवू?"

धाकटी तिच्या जवळ जाऊन बसली. खांद्यावर हात ठेवला. ताईने तो झटकला नाही, पण धरलाही नाही. मग म्हणाली, "तू आधी फिरवलंस. तेव्हा मला वाटलं, माझी आहे. मग परत का सांगितलंस?"

"ती बघत होती."

"मीपण बघत होते."

धाकटीने बॅग उचलली आणि सप्ताहवाल्या सरांच्या बायकोने दिलेल्या खोलीवर गेली.

शनिवारी सत्कार झाला नाही. कार्यक्रमपत्रिकेवर त्या ओळीवर पांढरा कागद चिकटवला होता. समारोपाचं व्याख्यान पुलांवर होतं. धाकटीने ते पूर्ण सांगितलं. खळी पहिल्या रांगेत होती, पण त्या दिवशी वक्त्याचे विनोद तिच्यापर्यंत पोचले तरी ती हसली नाही. शेवटी ती मंचापाशी आली.

"चौकशी होणार आहे," ती म्हणाली. "तिथे मी दुसरी दुभाषी मागितली आहे."

धाकटीला हे अपेक्षित होतं. "मी दुरुस्त केलं होतं," तिने सांगितलं.

"हो. पण मी बघितलं म्हणून. मी डोळे मिटले असते तर?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "माहीत नाही," धाकटी म्हणाली. खळीने मान हलवली आणि गेली.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. धाकटीलाही साक्षीला बोलावलं होतं. बाहेरच्या अरुंद बोळात एकच बाक होतं, आणि त्यावर ताई आधीच बसलेली. मध्ये एका माणसाची जागा सोडून धाकटी बसली. त्या तीन आठवड्यांत दोघींचं एकदाही बोलणं झालं नव्हतं.

"तब्येत बरी आहे?" धाकटीने विचारलं.

"आहे."

आत ताईला वीस मिनिटं लागली. नंतर कळलं की तिने सगळं आपणहून सांगितलं होतं. जिना, हाक, कागद, सगळं. वकील आणला नव्हता, पंधरा वर्षांच्या नोकरीचा दाखला दिला नव्हता. ती बाहेर आली तेव्हा समोरून खळी येत होती, सोबत तिची नवी दुभाषी, चष्मा लावलेली एक तरुण बाई.

ताई तिच्यासमोर थांबली. नव्या दुभाषीने काय करावं म्हणून हात पुढे केले, पण ताईने मान हलवून तिला थांबवलं. ती स्वतः बोलली, हातांनी. तिचे हात आता जड झाले होते, आईच्या काळातल्या जुन्या वळणाचे. धाकटी बाकावरून बघत होती.

"मी खोली उघडायला हवी होती. घाबरले. आणि मग तुला खोट्यावर सही करायला लावलं, ते त्याहून वाईट. तुझं माझ्यावाचून अडतं हे मला माहीत होतं, म्हणून लावलं."

खळीने हात उचलले.

"मी अजून दुपारी झोपत नाही," ती म्हणाली.

"मला माफ कर, असं म्हणत नाही मी."

"नको म्हणू," खळी म्हणाली. "आत्ता नको." आणि ती आत गेली.

निकाल महिन्याने लागला. ताईची नोकरी गेली. वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत धोक्याच्या वेळी लुकलुकणारा दिवा बसवायचं ठरलं, आणि खळीच्या पलंगाला हादरे देणारं यंत्र. दिवे बसले, यंत्र मागवलं आहे, असं सप्ताहवाल्या सरांनी फोनवर सांगितलं. पुढच्या वर्षीच्या सप्ताहाला याल ना, असंही विचारलं. धाकटी म्हणाली, त्या मुलीला विचारा, तिची हरकत नसेल तर.

फोन ठेवला आणि तासाभरात पुन्हा वाजला. ताई होती.

"पंधरा तारखेपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्यात," ती म्हणाली, नमस्कार-चमत्कार काही न करता. "तुझ्याकडे जागा आहे का?"

धाकटीने आपल्या दोन खोल्यांवरून नजर फिरवली. "एक कपाट रिकामं करावं लागेल."

"मग कर," ताई म्हणाली. आणि जरा थांबून, "मी काही बोलेन-चालेन असं समजू नकोस तिथे आल्यावर. माझा राग गेलेला नाही."

"बरं," धाकटी म्हणाली. "सामान किती आहे? टेम्पो सांगायचा का बसने आणतेस?"

"टेम्पो सांग."